मुख्य संगणक, मुक्काम कलकत्ता

ओसरीवरून (धागाकर्ता) :

एका दिवाळी अंकासाठी मी राधानाथ सिकदार यांच्यावर छोटा लेख लिहिला आहे. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणितात ज्यांचा मोठा वाटा मानला जातो, तेच हे बंगाली गणिती. लेखात एक वाक्य असे होते : ‘१८५०च्या सुमारास सिकदार त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कलकत्ता कार्यालयात मुख्य संगणक होते.’ प्रूफ परत आले तेव्हा ‘मुख्य संगणक’च्या पुढे काकपद घालून ‘अभियंता’ हा शब्द वाढवलेला होता आणि समासात टीप होती, ‘माणसाचे पद हवे, यंत्राचे नाव नको.’ मुद्रितशोधक बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. सिकदारांचे पद ‘चीफ कॉम्प्युटर’ असेच होते, पण कॉम्प्युटर म्हणजे पगारावर ठेवलेला हाडामांसाचा माणूस असा एक काळ होता, हे आज सांगितल्याशिवाय कोणाला कळावे? त्यांची दुरुस्ती पुन्हा दुरुस्त करण्याआधी त्या शब्दाचाच माग काढावा म्हणून बसलो. हाती लागले ते इथे मांडतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो.

मूळ लॅटिन क्रियापद ‘पुतारे’. त्याचा जुना अर्थ झाडाच्या फांद्या छाटून ते साफ करणे असा होता. त्यावरून हिशेब साफ करणे आणि त्यावरून विचार करणे, मानणे असे अर्थ आले. छाटण्याचा अर्थ ‘अँप्युटेशन’मध्ये शाबूत राहिला, मानण्याचा ‘रेप्युटेशन’मध्ये गेला आणि आपल्या डेप्युटी कलेक्टरांमधला ‘डेप्युटी’ही याच घराण्यातला आहे. या क्रियापदाला उपसर्ग लागून ‘कॉम्पुतारे’ झाले, म्हणजे एकत्र मोजणे, हिशेब करणे. हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो ‘काउंट’ आणि ‘अकाउंट’ या रूपांत. पुढे विद्वानांनी तोच शब्द पुन्हा थेट लॅटिनमधून न झिजलेल्या अवस्थेत उचलला, तो ‘कॉम्प्यूट’. म्हणजे आपल्याकडे ‘पान’ आणि ‘पर्ण’ किंवा ‘काम’ आणि ‘कर्म’ यांचे जे नाते, तेच काउंट आणि कॉम्प्यूट यांचे आहे. एक तद्भव, दुसरा तत्सम. तत्सम शब्दाच्या वाट्याला जरा भारदस्त काम येते, तसे इथेही आले.

मध्ययुगीन युरोपात भारदस्त हिशेब मुख्यतः एकच होता, तो म्हणजे ईस्टरची तारीख काढण्याचा. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार ठरवायचा, म्हणजे सूर्य, चंद्र आणि वार या तिघांचा मेळ घालायचा. या शास्त्राला ‘कॉम्पुतुस’ म्हणत आणि इंग्लंडमधील बीड या मठवासी पंडिताने ७२५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यामुळे इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द ज्या सर्वांत जुन्या वाक्यात सापडतो, तेही काळाबद्दलच बोलते, याचे मला नवल वाटले नाही. रिचर्ड ब्रेथवेट या लेखकाने १६१३ साली, काळाचा सर्वांत खरा कॉम्प्युटर माणसाच्या आयुष्याचे दिवस कसे छोट्याशा आकड्यात बसवतो, अशा आशयाचे वाक्य लिहिले आहे. १६४६ साली टॉमस ब्राउननेही कालगणना करणाऱ्यांना कॉम्प्युटर म्हटले आहे. त्या काळी हे वाक्य कोणाला मराठीत आणावे लागले असते, तर त्याने तिथे निःशंकपणे ‘जोशी’ लिहिले असते.

यानंतर दीडशे वर्षांच्या आत हा शब्द विशेषणासारखा राहिला नाही, तो धंदा झाला. कारण समुद्र. भर समुद्रात रेखांश काढण्यासाठी चंद्र ठरावीक ताऱ्यांपासून किती अंशांवर आहे हे मोजून तक्त्याशी ताडून पाहण्याची रीत होती. ते तक्ते एक-दोन वर्षे आधी तयार असावे लागत, कारण जहाज लांबच्या सफरीवर निघे. ग्रीनिचचे राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्कलिन यांनी असे नाविक पंचांग १७६७ सालापासून छापायला सुरुवात केली. त्यातले आकडे ग्रीनिचच्या वेधशाळेत बसून कोणी काढत नसे. इंग्लंडच्या गावोगावी शिक्षक, पाद्री, भूमापक असे लोक आपापल्या घरी बसून ठरलेल्या दराने ही गणिते करत आणि टपालाने पाठवत. यांना म्हणत ‘कॉम्प्युटर’. एकच महिना दोन कॉम्प्युटरांना स्वतंत्रपणे दिला जाई आणि दोघांची उत्तरे ताडून पाहणारा तिसरा माणूस असे, त्याचे पदनाम ‘कंपेअरर’. दोघांचे उत्तर जुळले की आकडा छापायला जाई. ही पद्धत किती बिनचूक होती, हे तिच्यातल्या एका लबाडीमुळेच कळते. दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांची उत्तरे उतरवून घेतली, चुकासुद्धा हुबेहूब सारख्या आल्या आणि ताडणाऱ्याने ते पकडले. दोघांचेही काम गेले.

याच यादीत लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स आहेत. काम नवऱ्याच्या नावावर येई आणि मोबदलाही त्यांच्याच नावे जाई. १७८४ साली नवरा वारल्यावर बाईंनी मॅस्कलिन यांना कळवले की त्यातले बहुतेक गणित आपलेच होते. मॅस्कलिन यांनी काम त्यांच्या नावे चालू ठेवले आणि पुढे त्यांची मुलगीही त्याच कामावर आली.

म्हणजे सिकदार ज्या पदावर होते, त्या पदाला तोवर चांगली पाऊणशे वर्षांची परंपरा होती. एव्हरेस्ट शिखराला तेव्हा ‘शिखर १५’ म्हणत. १८४९-५०च्या हंगामात बिहारच्या मैदानातील सहा ठाण्यांवरून, शंभराहून अधिक मैलांवरून, त्याचे कोन घेतले गेले. पृथ्वीची वक्रता आणि हवेतून येताना प्रकाशाचे होणारे वक्रीभवन यांच्या दुरुस्त्या करत कॉम्प्युटरांनी ती उंची २९,००२ फूट ठरवली, आणि १८५६ साली ती जाहीर झाली. आजचा मान्य आकडा ८,८४८.८६ मीटर, म्हणजे साधारण २९,०३२ फूट आहे. सगळे गणित हाताने केलेले असता फरक तीस फुटांचा!

शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला तो १९४०च्या दशकात, आणि तोही एका रात्रीत नव्हे. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या १९३६च्या सुप्रसिद्ध निबंधात ‘कॉम्प्युटर’ म्हणजे लहान मुलांच्या गणिताच्या वहीसारख्या चौकटींच्या कागदावर आकडेमोड करणारा माणूसच आहे. त्याच ट्युरिंगना १९५० साली माणसाबद्दल बोलताना ‘मानवी कॉम्प्युटर’ असे लिहावे लागले. या चौदा वर्षांत नेमके काय झाले, ते त्या एका विशेषणात दिसते. आपल्याकडे विलायती कोंबड्या येईपर्यंत कोंबडीला ‘गावरान’ म्हणण्याची कोणाला गरज पडली नव्हती, तसाच हा प्रकार आहे.

आता प्रश्न. ‘संगणक’ या मराठी शब्दाची घडण लेखक, गायक, शिक्षक यांच्यासारखीच आहे. माझे म्हणणे असे की हा शब्द मुळात माणसालाच शोभणारा आहे आणि सिकदारांना ‘मुख्य संगणक’ म्हणणे व्याकरणाने आणि इतिहासाने दोन्ही बाजूंनी योग्य आहे. पण वाचक अडखळणार असेल तर दुसरा कोणता शब्द वापरावा?

पाणिनीचा शेजारी :

धागा आवडला, पण शेवटच्या परिच्छेदातील व्याकरणाला माझी हरकत आहे. ‘-अक’ हा प्रत्यय कर्ता दाखवतो, तो कर्ता सजीवच असला पाहिजे असे त्यात काही नाही. आपण ‘चुंबक’ म्हणतो तेव्हा कोणी चुंबन घेणारा माणूस डोळ्यांपुढे येत नाही. ‘तापमापक’ ही काचेची नळी आहे. सर्वांत चांगले उदाहरण ‘वाहक’ हे आहे. एसटीत तिकिटे फाडतो तोही वाहक आणि तांब्याची तार हीसुद्धा विजेची वाहक. दोघेही ‘कंडक्टर’ या एकाच इंग्रजी शब्दाचे भाषांतर असल्यामुळे इंग्रजीतली संदिग्धता आपण जशीच्या तशी उचलून आणली आहे. म्हणून ‘संगणक’ मुळात माणसाचाच, हा दावा टिकणार नाही. तो दोघांचाही असू शकतो, इतकेच म्हणता येईल.

मात्र ‘गणक’ या शब्दाबद्दल तुमचे म्हणणे टिकते. अमरकोशात ज्योतिष्याच्या नावांत ‘गणक’ हे नाव दिलेले आहे, म्हणजे तुमचा ‘जोशी’ अगदी नेमका लागला. आणि म्हणूनच कॅल्क्युलेटरला मराठीत ‘गणकयंत्र’ म्हणतात, नुसते ‘गणक’ म्हणत नाहीत. तिथे ‘यंत्र’ हे शेपूट लावावे लागले, कारण गणक हा माणूस आहे याची कुठेतरी आठवण होती. संगणक नवा घडवलेला शब्द असल्यामुळे त्याला तशी काही आठवण नव्हती.

ओसरीवरून :

हरकत मान्य. ‘वाहक’ मला सुचायला हवा होता.

मधली सुट्टी :

कॅल्क्युलेटरसुद्धा आधी माणूसच होता का?

ओसरीवरून :

होय, इंग्रजीत चौदाव्या शतकापासून. आणि ‘टाइपरायटर’ची गंमत तर उलटी आहे. तिथे आधी यंत्र आले आणि मग ते चालवणाऱ्या मुलींनाही काही काळ टाइपरायटरच म्हणत. ‘टायपिस्ट’ रूढ झाल्यावर तो घोळ मिटला. ‘प्रिंटर’ इंग्रजीत अजून दोघांनाही चालतो. मराठीने मात्र वाटणी छान केली आहे. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी जो माणूस असतो तो ‘मुद्रक’, आणि कार्यालयात ज्याच्यात कागद अडकतो तो ‘प्रिंटर’.

दशमान :

इंग्लंडच्या आधीचा एक फ्रेंच प्रसंग यात यायला हवा, कारण हिशेबाचे काम वाटून घेण्याची कल्पना तिथे स्पष्ट दिसते. हॅलीचा धूमकेतू परत कधी येणार हे गुरू आणि शनी यांच्या ओढीचा परिणाम धरून काढायचे होते. १७५७ ते १७५८ या काळात अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी महिनोन्‌महिने सकाळपासून रात्रीपर्यंत बसून ते गणित पुरे केले. धूमकेतू एप्रिल १७५९च्या मध्यावर सूर्याच्या सर्वांत जवळ येईल आणि यात महिनाभराची चूकभूल असू शकेल, असे त्यांनी जाहीर केले. तो आला १३ मार्चला. महिन्याची जी मुभा मागून ठेवली होती, ती जवळजवळ सगळी वापरली गेली, पण मोडली नाही.

यापुढची पायरी फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची. गास्पार द प्रोनी यांना लॉगॅरिदमांचे आणि त्रिकोणमितीचे प्रचंड तक्ते करायचे होते. त्यांनी माणसांचे तीन थर केले. वरच्या थरात मोजके गणिती सूत्रे निवडत, मधला थर कामाचे तक्ते आखून देई आणि खालच्या थरातील साठ-ऐंशी लोक फक्त बेरजा आणि वजाबाक्या करत. हे खालचे लोक पूर्वीचे केशभूषाकार होते, असे सांगतात. सरदार-दरकदारांची डोकी गेली, उरलेल्यांनी केसांचे डोलारे सोडले आणि त्या कारागिरांचा धंदा बसला. ही गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असू शकेल. पण मुद्दा असा की बेरीज-वजाबाकीपलीकडे काही न येणाऱ्या माणसांकडून अवघड तक्ते तयार होतात हे एकदा दिसल्यावर, मग बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र का नको, हा प्रश्न इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांना पडला. त्यांनी आपल्या यंत्रांना ‘एंजिन’ म्हटले, ‘कॉम्प्युटर’ म्हटले नाही. त्यांच्या दृष्टीने कॉम्प्युटर म्हणजे ज्याच्या चुका टाळायच्या आहेत तो माणूस होता.

हिशेबवही :

माझी मावशी १९६०च्या दशकात पुण्यातल्या एका सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होती आणि तिच्या नेमणुकीच्या पत्रात पदनाम ‘कॉम्प्युटर’ असेच होते. तिच्या लग्नासाठी स्थळे पाहत असताना आजोबांनी पत्रांत ‘मुलगी सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आहे’ असे लिहिले होते. ते पत्र घरात बरीच वर्षे होते आणि पुढे नातवंडांनी ते वाचून मावशीला हैराण केले.

तिच्या टेबलावर फॅसिटचे हाताने फिरवायचे गणकयंत्र असे. तिने मला ते एकदा समजावून दिले होते ते अजून लक्षात आहे. मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. भागाकार करायचा असेल तर मूठ मागे फिरवत राहायचे. वजाबाकी शून्याच्या खाली गेली की आतली घंटी टण्‌ वाजते. घंटी वाजली की एक फेरा पुढे घेऊन जास्तीचे परत करायचे, एक घर सरकायचे आणि पुन्हा मागे फिरवायला लागायचे. एका खोलीत दहा-बाराजण असे बसले की दिवसभर कुठे ना कुठे घंटी वाजत असे. दर पानाची बेरीज आडवी आणि उभी दोन्हीकडून जुळायला हवी, नाही जुळली तर पान शेजारणीकडे जाई. धाग्यातील ‘कंपेअरर’बद्दल वाचताना मला ती शेजारीण आठवली.

मुद्दा असा की मावशीच्या कचेरीत ‘कॉम्प्युटर’ म्हणजे माणूस आणि ‘मशीन’ म्हणजे फॅसिट, यात कोणाचाही कधी गोंधळ झाला नाही. गोंधळ झाला तो नंतरच्या पिढीचा.

उत्तररात्र :

धाग्यात मेरी एडवर्ड्स आल्या आणि आता मावशी आल्या, म्हणून पुढचा दुवा जोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द हळूहळू बायकांच्या कामाचा झाला आणि त्याबरोबर स्वस्तही झाला. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी काचेवर घेतलेल्या ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या अभ्यासासाठी स्त्रिया नेमल्या. त्यांचे पद कॉम्प्युटर आणि मोबदला ताशी पंचवीस-तीस सेंट. या ‘हिशेबनीस’ बायकांपैकी अ‍ॅनी जंप कॅनन यांनी ताऱ्यांचे जे वर्गीकरण लावले ते आजही खगोलशास्त्राच्या पहिल्या धड्यात असते. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाचा आणि त्यांच्या आवर्तकाळाचा संबंध मांडला आणि त्यावरून दीर्घिकांची अंतरे मोजता आली. पदनाम मात्र बराच काळ आकडेमोडीचेच.

दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याचे तक्ते करण्यासाठी अमेरिकेत अशाच मुलींची मोठी भरती झाली. एका गोळ्याचा मार्ग टेबलावरच्या गणकयंत्राने काढायला एकीचे दोन-तीन दिवस जात. हे काम उरकण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ बांधला गेला आणि फेब्रुवारी १९४६मध्ये तो लोकांना दाखवला गेला. तोच मार्ग तो अर्ध्या मिनिटात काढी, म्हणजे गोळ्याला पोचायला लागणाऱ्या वेळापेक्षाही लवकर. त्याच्या नावातले शेवटचे अक्षर ‘कॉम्प्युटर’चे आहे. आणि त्याला काम सांगण्यासाठी ज्या सहा स्त्रिया निवडल्या, त्या आधी स्वतः कॉम्प्युटर होत्या! म्हणजे यंत्राने आधी त्यांचे काम घेतले, मग नाव घेतले, आणि त्यांना त्याच्या देखरेखीला बसवले. त्या काळात यंत्राची ताकद सांगताना ‘किलोगर्ल’ असे एकक गमतीने वापरले जाई, म्हणजे हजार मुलीतासांची आकडेमोड. ही गंमत मला तरी फारशी हसवत नाही.

सह्यकडा :

सिकदारांबद्दल एक सावधगिरीची सूचना. ‘साहेब, मी जगातले सर्वांत उंच शिखर शोधून काढले’ असे म्हणत ते सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांच्या खोलीत धावत शिरले, ही गोष्ट लेखात कृपया घालू नका. वॉ डेहराडूनला आणि सिकदार कलकत्त्याला असताना ती घडणे कठीण आहे, शिवाय डेहराडूनच्या कार्यालयातही उंचीची गणिते होत होती. ‘एका माणसाने शोध लावला’ हे म्हणणे कॉम्प्युटरांच्या कामाच्या पद्धतीशीच विसंगत आहे, कारण ते काम वाटलेले आणि ताडलेले असे.

पण त्यांच्यावर अन्याय झाला नाही असे माझे म्हणणे नाही. सर्वेक्षण खात्याच्या १८५१च्या मार्गदर्शक ग्रंथात गणिती भागासाठी सिकदारांचे स्पष्ट ऋण मानले होते. १८७० साली ते वारले आणि १८७५च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला. त्यावर तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रात एका इंग्रज अधिकाऱ्यानेच जाहीर टीका केली होती. शिखराच्या दंतकथेपेक्षा हा गाळलेला उल्लेख तुमच्या विषयाला जास्त जवळचा आहे. कॉम्प्युटरचे नाव छापण्याची रीतच नव्हती, आणि ज्याचे छापले गेले त्याचेही पुसले गेले.

निवृत्त लेजर :

मी बँकेत होतो, म्हणून या शब्दाची दुसरी बाजू सांगतो. १९८०च्या दशकात आमच्या शाखेत हा शब्द उच्चारणे म्हणजे भांडण काढणे होते. संघटनेच्या फलकावर ‘संगणकीकरण’ म्हणजे नोकऱ्यांवर गदा असे सरळ समीकरण होते. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि त्यानंतर शाखांतून जी यंत्रे आली, त्यांचे नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. पडदा होता, कळफलक होता, आत सगळे तेच होते, पण आम्ही त्याला कोणी कॉम्प्युटर म्हणत नव्हतो, ‘ए.एल.पी.एम.’ म्हणत होतो. शब्दाला माणसे इतकी घाबरतात हे मी तेव्हा पाहिले. आमचे हेड कॅशियर म्हणत, ‘मशीन आले तर येऊ दे, कॉम्प्युटर नको.’ आज हा धागा वाचून लक्षात येते की ते बोलत होते त्यापेक्षा जास्त खरे बोलत होते. कॉम्प्युटर ते स्वतःच होते.

दशमान :

निवृत्त लेजर काका, नाव बदलून यंत्र आणण्याचे याहून जुने उदाहरण मुंबईतच आहे, फक्त तिथे कारण भीतीचे नव्हते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा जो पहिला मोठा संगणक १९६० साली सुरू झाला, त्याचे ‘टिफ्रॅक’ हे नाव पंडित नेहरूंनी १९६२ साली दिले, आणि या आद्याक्षरांच्या नावातले शेवटचे अक्षर ‘कॅल्क्युलेटर’चे आहे. त्या काळात यंत्राचे नाव काय ठेवायचे हे अजून पक्के झालेले नव्हते, हेच यावरून दिसते.

मुंबईवरून आठवले. केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला होते. वेध नोंदवणे आणि त्यांची आकडेमोड, हेच तिथले काम. पुढे त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली आणि त्यांच्या गणितावर नवे पंचांग निघाले. मराठीत ‘कॉम्प्युटर’ या शब्दाच्या जुन्या अर्थाचा माणूस दाखवायचा असेल, तर केरूनानांकडे बोट दाखवावे.

जोधपूर मुक्कामी :

नोकरीनिमित्त राजस्थानात राहतो. इथे राज्याच्या आर्थिक आणि सांख्यिकी विभागात ‘संगणक’ नावाचे पद आजही आहे. अधूनमधून भरतीची जाहिरात निघते आणि हजारो उमेदवार परीक्षा देऊन संगणक होतात. माझ्या शेजारचा मुलगा दोन वर्षे त्याची तयारी करत होता. आई मोठ्या अभिमानाने सांगते की तो संगणक होणार आहे, आणि इथे त्यावर कोणी हसत नाही. हिंदीत संगणक शब्द पुस्तकी आहे, बोलताना सगळे कंप्यूटर म्हणतात, त्यामुळे यंत्राला एक शब्द आणि माणसाला दुसरा अशी वाटणी आपोआप झाली आहे. आपल्याकडे ‘संगणक’ शाळेच्या वर्गावर, दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे यंत्राला चिकटला, म्हणून ओसरीवरून यांच्या लेखात तो अडखळतो.

पाणिनीचा शेजारी :

ही माहिती नवीन आहे आणि माझ्या मते प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. मराठीत जनगणनेला घरोघर येतो तो ‘प्रगणक’. सम्‌ आणि प्र या उपसर्गांत माणूस आणि यंत्र असा भेद मुळीच नाही, पण प्रगणकाला अजून यंत्राने हटवले नाही म्हणून तो शब्द माणसाकडे राहिला. मी लेखात ‘मुख्य गणक’ लिहीन. जुना शब्द आहे, माणसाचाच आहे आणि वाचक अडखळणार नाही.

हिशेबवही :

‘मुख्य गणक’ वाचकाला अडखळवणार नाही हे खरे, पण त्यामुळेच मला तो नको वाटतो. मावशीच्या पत्रातील ‘कॉम्प्युटर’च्या जागी आजोबांनी ‘हिशेबनीस’ लिहिले असते, तर आम्ही कोणी ते पत्र जपून ठेवले नसते. वाचक अडखळला तर थांबेल, आणि थांबला तर पुढचे वाक्य नीट वाचेल. पुढच्या वाक्यात मात्र उलगडा हवा.

उत्तररात्र :

हिशेबवही यांच्याशी सहमत. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनमध्ये तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला, आणि त्यांना सगळे ‘मानवी संगणक’ म्हणत. शंभर वर्षांपूर्वी ही पदवी कोणाला दिली असती, तर ‘मानवी कारकून’ म्हटल्यासारखे वाटले असते. हा उलटा फेरा वाचकाला जाणवायचा असेल, तर शब्द तोच ठेवला पाहिजे.

ओसरीवरून :

सर्वांचे आभार. पाणिनीचा शेजारी यांचा ‘मुख्य गणक’ मी दोन दिवस मनात घोळवला. तो निर्दोष आहे. पण हिशेबवही यांचे म्हणणे अधिक पटले, म्हणून ‘मुख्य संगणक’ कायम ठेवला आणि पुढे असे वाक्य जोडले : ‘त्या काळी संगणक हे यंत्र नव्हते, पद होते. सिकदार आणि त्यांच्या हाताखालचे संगणक मेणबत्तीच्या उजेडात, बोरूने, लॉगॅरिदमच्या तक्त्यांवरून हे गणित करत असत.’ सह्यकडा यांच्या सूचनेप्रमाणे धावत खोलीत शिरण्याचा प्रसंग काढला आणि गाळलेल्या उल्लेखाची हकिगत घातली.

सह्यकडा :

बोरू नको. सर्वेक्षणाच्या कचेरीत पिसाचे टाक आणि पोलादी निबा असणार. मेणबत्तीही काढा, कचेरीचे काम दिवसा चाले.

ओसरीवरून :

दोन्ही काढले. आज दुसरे प्रूफ आले आहे. ‘मुख्य संगणक’ला बाईंनी हात लावलेला नाही. पुढच्या वाक्यातील ‘हाताखालचे संगणक’ इथे मात्र काकपद आहे आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, ‘चालक’.